कासवाची मान

“आता वाळू दे. वाळलं, की मग बघ. दिसतंय का अजून?”

मथूआत्याचा आवाज असा, की शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ निवडत बसलंय असं वाटावं. हलका, एकेक दाणा सुटा. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून तिनं स्वयंपाकघरातल्या फरशीवर हत्ती काढलेला असायचा. चैत्रातली दुपार. बघता बघता आधी शेपूट जायचं, मग पाय, मग सोंड, आणि कोरड्या काळ्या फरशीकडे मी डोळे ताणून बघत राहायची.

“नाही दिसत,” मी म्हणायची.

“मग मघाशीही तू बघितला नव्हतास. थांब, पुन्हा काढते.”

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते, आणि खानदेशात एका नदीवर धरण बांधायचं काम चालू होतं. आम्ही मूळचे नगरकडचे. आमच्या वसाहतीतली घरं सगळी सारखी: पुढं शहाबादी फरशीचा ओटा, मागं न्हाणी, मधे दोन खोल्या. ओट्यावरून उतरलं की कचेरीकडे जाणारा मातीचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे कडुनिंबांची रांग.

मथूआत्या अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचे यजमान विषमज्वरात गेले. तेव्हापासून नगरजवळच्या खेड्यात सासरीच राहत होती. माघात चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली आणि चैत्र उजाडला तरी होती. तिला कुणी राहा म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं. पण पाडव्याआधी तिच्या दिरांचं कार्ड आलं. सासूबाई अंथरुणाला लागल्या आहेत, अक्षयतृतीयेला वहिनींना न्यायला येतो. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. आत्या चुलीपुढे होती. तिनं तवा उतरवला, पुसला, पुन्हा चढवला.

“काय म्हणतेस मथू?” अण्णांनी विचारलं.

“मी काय म्हणणार दादा. तुम्ही म्हणाल तसं.”

हे तिचं ठरलेलं वाक्य. तिच्या तोंडून दुसरं काही यायचंच नाही. तिला राहायचं आहे हे मला कळत होतं, कारण ते कार्ड आल्यापासून ती रात्री माझ्या अंगावर हात टाकून झोपायची, आणि तो हात झोपेतही सैल पडायचा नाही.

पाडव्याला पुरणाच्या डाळीचं कढत पाणी ओतताना आईच्या उजव्या हातावर सांडलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत पट्टी बांधली. आईला हाताचं दुःख नव्हतं इतकं चैत्रांगणाचं होतं. चैत्रातल्या तिजेपासून अक्षयतृतीयेपर्यंत रोज सकाळी दारात चैत्रगौरीची रांगोळी काढायची, हा तिच्या माहेरचा नेम. झोपाळ्यातल्या गौरी, सूर्य-चंद्र, शंख, तुळशीवृंदावन, नाग, हत्ती, फणी-करंडा, कासव. केवढा संसार तो. त्या उजाड वसाहतीत सगळ्या बायका आमचं दार बघायला यायच्या.

“कुंदीला शिकवा की वन्सं,” आई माझ्याकडे बघत आत्याला म्हणाली. “तुमच्याइतकं सुरेख मलाही येत नाही.”

आत्याचा चेहरा एकदम मिटला. “वहिनी, मी रांगोळीला हात लावणार नाही. गौरीची रांगोळी आहे ती.”

तिच्या सासरी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, सवाष्णींच्या गौरीला तुझा हात लागता कामा नये. त्यानंतर तिनं रांगोळीचा डबा उघडला नव्हता.

आईनं कोपऱ्यातल्या तांब्याकडे बघितलं. मग म्हणाली, “पाण्याला तर लावाल?”

असं सुरू झालं ते. आत्या पुढं आणि मी तिच्या मागं. ती ओल्या बोटानं फरशीवर रेघ घ्यायची आणि ती वाळायच्या आत मी तिच्यावर चिमटीतून रांगोळी सोडायची. रेघ तिची, रांगोळी माझी. शेजारच्या देसाईकाकू दुसऱ्या दिवशी बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, “छान आहे हो. पण हात नक्की कुणाचा लागतोय?”

“रांगोळी माझ्या लेकीची,” आई दारातूनच म्हणाली, “आणि पाणी सरकारी नळाचं.”

सकाळी ओट्यावर घाई असायची. खरं शिकणं दुपारी, आत. आई बाजेवर पडलेली असायची, पट्टीचा हात पोटावर ठेवून.

“काय दिसतंय?” आत्या विचारायची.

“आईचा हात.”

“हात तुला ठाऊकच आहे. ठाऊक असलेलं काढू नकोस. दिसतंय काय ते सांग.”

मी बघायची. मग हळूहळू हात नाहीसा व्हायचा. एक पांढरं गाठोडं, त्यातून डोकावणारी नखं, कोपरापाशी त्रिकोणी उजेड. आत्या म्हणायची, हत्ती काढायचा तर त्याच्या चार पायांमधली मोकळी जागा आधी बघ; हत्ती आपोआप उभा राहतो. माणसाचंही तसंच. बोलतं त्यापेक्षा जिथं गप्प होतं तिकडं बघावं.

एकदा मी अशी बघून काढत असताना आईच्या नाकावर माशी बसली. आईनं झोपेतच हात उचलला आणि सपकन हाकलली. पट्टीचाच हात. मी माझ्या पाण्याच्या रेघेत इतकी गुंतले होते, की मला फक्त उजेडाचा त्रिकोण मोडल्याचा राग आला. आत्यानं मात्र आईकडे बघितलं, खूप वेळ. मग पदरानं माझं चित्र पुसून टाकलं आणि म्हणाली, “आज पुरे.”

कचेरीत बोरसे नावाचे ट्रेसर होते. जवळच्याच कुठल्या गावचे, तिशीचे, सडे. धरणाचे नकाशे निळसर मेणकापडावर गिरवून घ्यायचं त्यांचं काम. पाऊस पडायच्या आत भिंत वर न्यायची म्हणून त्या महिन्यात कचेरी रविवारीसुद्धा चालू असायची, त्यामुळे रोज सकाळी त्यांची सायकल आमच्या दारावरून जायची. एक दिवस ती थांबली. त्यांनी एक पाय ओट्याला टेकवला.

“ए पोरी, ही रेघ तुझी नाही.”

“माझीच आहे. विचारा आईला.”

“रांगोळी तुझी. रेघ दुसऱ्या कुणाची. माझा जन्म दुसऱ्यांच्या रेघा गिरवण्यात चाललाय बाई, मला नाही का कळत? गिरवणारा वळणावर थबकतो. हे बघ, इथं थबकलीस. हिथं पण. आणि जिची मूळ रेघ आहे, ती कुठंच थबकलेली नाही.”

ते वाकून बघत होते.

“सगळं झकास आहे. पण ह्या कासवानं मान आत का ओढून घेतली?”

खरंच की. आत्याच्या कासवाला मान नव्हती. नुसती पाठ, तिच्यावर खवल्यांची नक्षी आणि चार बाजूंना चार नखं.

“विचार बरं त्याला,” बोरसे म्हणाले.

“कासवाला?”

“नाहीतर कुणाला?” असं म्हणून ते हसले आणि गेले.

आत्या पोळ्या लाटत होती. मी सांगितलं तसं लाटणं थांबलं. “कासवं तशीच असतात म्हणावं,” ती म्हणाली. “जरा वाजलं की आत.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी कासवाच्या पाठीखालून तिनं एक एवढासा अर्धगोल बाहेर घेतला. मी त्यावर रांगोळी सोडली.

“आज नाक दिसलं वाटतं,” बोरसे म्हणाले. “आमचा नमस्कार सांग नाकाला.”

मी आत जाऊन नमस्कार सांगितला. आई बाजेवरून म्हणाली, “कुणाचा गं नमस्कार?”

“नाकाला.”

“बरं,” आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग रोजचंच झालं. “डोळ्याचं काय झालं? आंधळं का बिचारं?” दुसऱ्या दिवशी डोळा आला. “बघतंय कुठं? झोपाळ्याकडं? मला वाटलं रस्त्याकडं बघेल.” त्यानंतर दोन दिवस डोळा झोपाळ्याकडेच राहिला आणि तिसऱ्या दिवशी थोडा कललेला दिसला. बोरसेंनी त्या दिवशी वाकून डोळ्याकडे बघितलं. टोपी काढली, झटकली, घातली. सायकलवर बसताना त्यांचा पाय पायडलवर दोनदा घसरला. आत्या खिडकीच्या गजाआड होती. ते तिकडे कधी बघत नसत आणि ती कधी पुढं येत नसे. दोघांच्या मधे मी आणि कासव.

एकदा ते म्हणाले, “आमच्या मळ्यातल्या विहिरीत एक कासव आहे. एकटंच. ऊन आलं की पायरीवर येऊन बसतं. शेजारी अजून एकाला पुरेल एवढी पायरी आहे म्हणावं.”

मी आत जाऊन जसंच्या तसं म्हटलं. आत्याची पाठ माझ्याकडे होती. तव्यावर पोळी फुगली, खाली बसली, काळी पडत गेली. धूर निघाला तरी ती तशीच उभी.

“वन्सं, पोळी,” आई हळूच म्हणाली. एवढंच.

अक्षयतृतीया जवळ येत होती. अण्णांनी पुन्हा एकदा विचारून बघितलं, आणि पुन्हा तेच वाक्य आलं. आईचा हात अजून गळ्यात अडकवलेला होता. कंपाउंडर पट्टी बदलायला येऊ का विचारायचा, तर आई म्हणायची, “कशाला उन्हाचं, माझी मी बदलते.” मलमाचा वास घरातून केव्हाच गेला होता.

शेवटच्या दिवशी आत्यानं मला तांबडं फुटायच्या वेळी उठवलं. तिनं न्हाऊन केस पुसले होते. तांब्या भरून घेऊन ती ओट्यावर बसली आणि सगळं चैत्रांगण तिनं न बोलता, न थांबता काढलं. मी धावतपळत मागून. कासवाच्या जागी आलो तर तिनं ती जागा मोकळीच ठेवली.

“आत्या, कासव?”

ती उठली. चौकटीची रेघ ओलांडली, गाईच्या पावलांची रांग ओलांडली आणि ओट्याच्या अगदी कडेला, जिथं फरशी संपून रस्त्याची माती सुरू होते, तिथं खाली बसली. तिनं कासव काढलं. घराकडे पाठ केलेलं. चारी पाय ताणलेले, आणि मान लांब, पूर्ण बाहेर, सरळ कचेरीच्या दिशेनं.

“भर,” ती म्हणाली.

मी भरलं. पहिल्यांदाच वळणावर कुठं थबकले नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो. ती खिडकीशी, मी पायरीवर. ऊन फरशीवर आलं. सायकल आली नाही. कचेरीचा भोंगा झाला नाही. धरणाकडून रोज येणारा दगड फोडल्याचा आवाजही नव्हता. उलट निंबांच्या रांगेकडून गाणी ऐकू येत होती. मजुरांच्या बायकांनी फांद्यांना झोके बांधले होते.

दूधवाला आला तेव्हा मी विचारलं, “आज कचेरी नाही का?”

तो हसला. “अहो ताई, आज आखाजी. आज आमच्याकडं कुणी हातात काम धरतं का? सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात. गडीमाणसं आपापल्या गावी. ट्रेसरसाहेब कालच गेले ना, दुपारच्या गाडीनं. आता दोन-तीन दिवस धरणावर कावळासुद्धा यायचा नाही.”

आमच्या नगरकडे अक्षयतृतीयेला पितरांना घागर द्यायची, आंबरस करायचा आणि दुपारी झोपायचं. त्या दिवशी खानदेशात सगळं थांबतं, हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. मी वळून खिडकीकडे बघितलं. गजांआड कुणी नव्हतं.

दुपारी आत्याचे दीर आले. सभ्य, मिशी राखलेले, हातात पिशवी. ओटा चढताना त्यांनी कासवावर पाय पडू नये म्हणून जपून टांग टाकली आणि म्हणाले, “वा, रांगोळी छान.” जेवणं झाली. पानं उचलल्यावर अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं. मुद्दामच विचारलं असणार.

“मथू, तुझ्या मनात असेल तर राहा इथं. यांची समजूत मी घालतो. पण तुझं तू बोल.”

बाहेरचं झोक्यावरचं गाणं आत आलं. आत्यानं मान खाली घातली होती. तिचं बोट फरशीवर कोरडंच फिरत होतं. मला दिसत होतं ती काय काढतेय ते.

आईनं तोंड उघडलं. आत्यानं चटकन वर बघितलं.

“पन्हं घेता ना भावजी,” आई म्हणाली, “अजून थोडं?”

“तुम्ही म्हणाल तसं, दादा,” आत्या म्हणाली.

एस.टी. वसाहतीच्या फाटकापाशी थांबायची. आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आईला वाकून नमस्कार केला आणि वर चढली. गाडीनं वळण घेतलं. धुरळा उडाला, आणि झोक्यावरच्या बायका म्हणत होत्या,

झोका गेला उंच बाई, वाट दिसे माहेराची,
झोका आला खाली बाई, रेघ उरे धुळीची.

संध्याकाळी आईनं डाव्या हातानं दोन बादल्या पाणी ओतून ओटा धुतला. शेवटच्या दिवशी धुवायचाच असतो.

बोरसे परत आले ते गावाहून आंबे घेऊन. सायकल थांबवली, ओट्याकडे बघितलं. ओटा स्वच्छ होता.

“संपलं वाटतं चैत्रांगण?”

“हो. आत्या पण गेली.”

“कधी?”

“आखाजीला.”

ते आंब्यांची पिशवी हातात धरून उभे राहिले. मी आत गेले, तांब्या आणला आणि ओट्याच्या कडेला बसून ओल्या बोटानं कासव काढलं. घराकडे पाठ. पाय ताणलेले. मान. मला कुणी दाखवत नव्हतं, तरी रेघ कुठं अडली नाही.

“इथं होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आणि मान एवढी?”

“एवढीच.”

वैशाखाचं ऊन. आधी पाय गेले, मग पाठ. सगळ्यात शेवटी मान वाळली. फरशी कोरडीठाक झाली, तरी ते तिथंच बघत होते. मग पिशवी ओट्यावर ठेवली आणि सायकल हातानं ढकलत कचेरीकडे गेले.

पावसाच्या आधी त्यांनी रजा काढली होती. नगरकडे जाऊन आले असं कचेरीत बोलत. जाताना एकटे गेले, येतानाही एकटेच. पुढच्या वर्षी अण्णांची बदली झाली आणि आम्ही ती वसाहत सोडली.

आत्या सासरीच राहिली. सासूचं सगळं केलं. पुढं गावात बालवाडी निघाली तेव्हा तिथं शिकवायला लागली. खडू नसायचे, तर मुलांना पाण्यानं चित्रं काढायला शिकवायची. मी मोठी झाले, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागले. नवं पुस्तक आलं की तिला पाठवायची. ती एकेक पान बघायची आणि पुढं भेटलो की सांगायची, “बेडकाच्या चित्रात थबकलीस.” बरोबर असायचं तिचं. त्या महिन्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली.

आई आता माझ्याजवळ असते, नाशकात, दुसऱ्या मजल्यावर. या चैत्रात तिजेला मी दाराबाहेरच्या फरशीवर चैत्रांगण काढायला बसले. सवयीनं आधी पाण्याची रेघ घेतली. आई दारात खुर्ची टाकून बघत होती. डोळ्यांनी तिला आता कमी दिसतं, पण ती बघत होती.

गौरी झाल्या, सूर्य-चंद्र झाले. कासवाची पाठ काढली, खवले भरले आणि बोट तांब्यात बुडवून मी क्षणभर थांबले.

“मान काढ त्याची,” आई म्हणाली. “पूर्ण बाहेर काढ. तिनं काढली होती तशी.”

मी वळून बघितलं. “तुला माहीत होतं?”

“नाकाला नमस्कार कुणाचे येतात, एवढं न कळायला मी काय तान्ही होते?”

ती हसली आणि मग हसू थांबलं. उजवा हात तिनं मांडीवर उताणा ठेवला होता. सुरकुतलेला, पण डाग कुठं नव्हता. असा मी तो किती वेळा बघितला असेल.

“हात पहिल्याच आठवड्यात बरा झाला होता, कुंदे,” आई म्हणाली. “मी पट्टी सोडली असती, तर रांगोळी मला काढावी लागली असती. मग तिला ओट्यावर कोण बसू देणार होतं? म्हणून रोज सकाळी मी ती परत गुंडाळत होते.”

“आणि आत्याला हे—”

“तिला काय दिसत नव्हतं?”

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. आईनं तो आवाज पूर्ण जाऊ दिला.

“त्या दिवशी पानं उचलल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं होतं. मी बोलावं म्हणून. ती राहणार आहे, एवढंच म्हणायचं होतं मला. तुझ्या वडिलांनी ऐकलं असतं.” आई मांडीवरच्या हाताकडे बघत राहिली. “पट्टी माझ्या हाताला होती गं. तोंडाला नव्हती.”